दोन बंदुका आणि तुमचा हात

काका, आधी हे सांगून टाकते, नंतर धीर राहील की नाही माहीत नाही. तुमचा हात गेला नव्हता. शेवटचा दीड महिना तुम्ही बंदूक उचलली नाहीत ती माझ्या एका चुकीमुळे. आणि ती चूक तुम्ही जाण्याच्या तीन आठवडे आधीच माझ्या लक्षात आली होती.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. समाजाच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी सभा झाली, तेव्हा सगळे तुमच्या माग दुरुस्तीच्या कामाबद्दल बोलले. नरसप्पा जॉबर नुसता आवाज ऐकून कुठला माग बिघडलाय ते सांगायचे, असं कुणीतरी म्हणालं. ते खरंच आहे. शेडमधल्या रविवारांबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. रविवारी शेडमध्ये आपल्याबरोबर नेम मारणाऱ्या वकीलसाहेबांनी मागे वळून मला खूण केली, "बोल की तू." मी पाण्याच्या माठाशेजारी बसले होते. नको म्हणून मान हलवली आणि पाणी प्यायले. म्हणून हे लिहिते आहे.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती टॉवेल घ्यायला. मावशीच्या घरी कार्य होतं, आहेरासाठी चार डझन टॉवेल हवे होते. मावशी काकूंशी रंगांवरून घासाघीस करत होती आणि मागच्या शेडमधून मधूनच 'टप्प' असा बारीक आवाज येत होता. शेजारच्या मागांचा खडखडाट सारखा चालू, त्यात तो एक वेगळा आवाज. मी दारातून डोकावले. तुम्ही बनियनवर, एअर रायफल धरून, लाकडी टेबलावर कोपरं टेकून बसलेले. दहा मीटरवर एका पेटीवर कागद लावलेला आणि त्यामागे विणकाम बिघडलेले टॉवेल एकावर एक टांगलेले, छर्रे अडवायला. तुम्ही वळून बघितलंत आणि विचारलंत, "मारणार का?"

मी चपला दारात काढल्या. तुम्ही खुर्ची सरकवलीत.

नंतरची चार वर्षं मी दर रविवारी येत राहिले. घरी सांगितलं होतं, छंद आहे. ऑफिसात तेही सांगितलं नव्हतं. मी शाळेत, कॉलेजात आणि आता कारखान्यातसुद्धा जेवढ्यास तेवढं बोलणारी. तुमच्या शेडमध्ये ते चालायचं नाही. तुमचा नियम होता की छर्रा सुटला की तो कागदावर कुठे लागला ते आधी तोंडाने सांगायचं, मग दुर्बिणीतून बघायचं. वर, उजवीकडे, थोडा खाली, जे वाटलं असेल ते. न सांगता दुर्बिणीला डोळा लावला तर तुम्ही दुर्बीणच उचलून घ्यायचात. मी इतकं हळू बोलायचे की तुम्ही एकदा म्हणालात, "छर्र्याला ऐकू आलं अम्मा, मला न्हाय." वकीलसाहेब एवढे हसले की त्यांचा पुढचा छर्रा टॉवेलातही लागला नाही, पत्र्यावर जाऊन वाजला.

आपली खरी मैत्री त्या दाढीवाल्या गोऱ्यामुळे झाली. तुम्ही मोबाइलवर परदेशी हौशी नेमबाजांचे व्हिडिओ बघायचात. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता तरी पूर्ण बघायचात. त्या दिवशी तो माणूस उघड्या माळावर टेबल टाकून दोन सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइनची तुलना करत होता. आखूड नळीच्या बंदुका, चाप दाबला की एक गोळी सुटते आणि तिच्याच गॅसच्या जोरावर पिस्टन हलून पुढची गोळी आत येते. आपल्याला असल्या बंदुकांना कधी हात लावायला मिळणार नाही हे तुम्हालाही माहीत होतं. तरी तुम्ही मला शेजारी बसवलंत.

"काय म्हणतोय तो? लई बोलतोय की."

"म्हणतोय दोन्हीत पिस्टन आहे. पण एकीचा स्ट्रोक शॉर्ट आहे, म्हणजे आखूड. दुसरीचा लांब."

"आखूड म्हंजे किती आखूड?"

"तसं नाही काका. म्हणजे..." मला मराठी शब्द सापडेनात. "पहिल्या बंदुकीत पिस्टन मागच्या भागाला नुसता एक ठोका देतो आणि थांबतो. तो भाग मग एकटाच मागे जातो. दुसरीत पिस्टन त्या भागाला जोडलेलाच आहे. दोघं बरोबर मागे जातात, बरोबर पुढे येतात."

तुम्ही टेबलावर हात मारलात. "अय्यो, मग असं सांग की! पहिला म्हंजे धोट्याला मारणारी काठी. मारली, थांबली, धोटा गेला आपला आपण. दुसरा म्हंजे फणी. धोट्यासारखी सुटत न्हाय. जाती बी, येती बी."

धोटा आडवं सूत नेतो आणि फणी ते ठोकून बसवते, एवढं मला इथे येऊन माहीत झालं होतं. मग मी भाषांतर थांबवलं तरी तुम्ही पुढचं आपणहून सांगू लागलात. लांब स्ट्रोकवाली वजनाने हलत असणार, म्हणून हाताला जास्त धक्का देत असणार, पण घाण साचली तरी अडत नसणार. आखूडवाली हलकी चालणार, पण तिचे बारीक भाग जास्त. पाच मिनिटांनी तो गोरा नेमकं हेच बोलला. मी तुमच्याकडे बघत राहिले. दहावीला मशीनच्या आकृत्या पाठ करून मी पूर्ण मार्क मिळवले होते. तुम्ही सातवीत शाळा सोडून माग धरला होतात आणि एक न पाहिलेलं यंत्र तुम्हाला आतून दिसत होतं.

"तुला इंग्लिश येतंय, मला यंत्र येतंय," तुम्ही म्हणालात. "दोघं मिळून एक शहाणा माणूस हुतोय."

राग तुम्हाला शेवटी आला. तासभर तुलना करून त्या माणसाने सांगितलं की दोन्ही चांगल्या आहेत, कुठली घ्यायची ते ज्याच्या त्याच्या आवडीवर. मी हे भाषांतर केलं तेव्हा तुम्हाला आधी पटेना. "नीट ऐक. निकाल दिला असंल." मी परत ऐकलं. नव्हता दिला. "एवढी दाढी वाढवली आन् निकाल देता येईना?" तुम्ही मोबाइल पालथा ठेवलात. "आपण लावू की निकाल. आपल्या दोघींचा."

आपल्या दोघी म्हणजे तुमच्या दोन एअर रायफली. त्यांत गॅस नाही, दारू नाही, पण पिस्टन दोघींतही होता. चाप दाबला की ताणलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. जुनी तुमच्याकडे तीस वर्षं होती. तिची नळी मधून मोडायची, छर्रा अंगठ्याने बसवायचा, नळी परत सरळ करायची. नवी तुमच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेली. तिची नळी हलत नाही, खालचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची.

या दोघींवरून आपलं भांडण नवी आल्यापासून होतं. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा झटका बंदुकीला बसतो, म्हणून ती दर वेळी तश्शीच धरावी लागते, सैल, दाबून न धरता. यावर तुमचं म्हणणं ठरलेलं. "नवी झाकती. जुनी सांगती. हात जरा चुकला की जुनी लगेच कागदावर लिहून दाखवती." मी म्हणायचे, बंदूक कुणाचं काही झाकत नाही. कुठली किती चांगली ते मोजून कळेल. तुम्ही म्हणायचात, "मोज की मग. तुझं कामच ते."

माझं कामच ते. चिंचोळीच्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासते. व्हर्निअर घेऊन दिवसभर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. तुमच्या टेस्टसाठी मी रीतसर तक्ता केला. नेमबाज एकच, तुम्ही. टेबल तेच, सकाळ तीच. प्रत्येकीचे पाच-पाच छर्र्यांचे सहा कागद. आणि छर्रे एकाच डब्यातले, मी नवीन आणलेल्या. तुमचा जुना डबा मी बाजूला ठेवला. त्यातले छर्रे तुम्ही जुनीसाठी काचेवर घरंगळवून निवडलेले असायचे, वाकडा चालणारा वेगळा काढलेला. मला वाटलं, त्याने जुनीला फायदा मिळेल.

त्या सकाळी जुनीत पहिलाच छर्रा बसवताना तुमचा अंगठा थांबला.

"ढिला बसतोय गं."

"दोन्हींना एकच छर्रा काका. नाहीतर टेस्ट कसली?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वकीलसाहेब तिथेच होते. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय. नियम म्हंजे नियम," आणि नळी बंद केलीत.

नवीचे पाच छर्रे शर्टाच्या एका बटणाखाली झाकले जात होते. सहाही कागदांवर. जुनीच्या पाचांना वाटीसुद्धा पुरेना. तुम्ही एकेक कागद घेऊन भिंतीकडे गेलात. तिथे तुमचे जुन्या बंदुकीचे आधीचे कागद टाचलेले होते. पाच छर्र्यांचं मिळून एकच भोक पडलेले. तुम्ही नवा कागद जुन्याशेजारी धरून बराच वेळ उभे राहिलात. मी मापं लिहिण्यात गढले होते. खरं सांगायचं तर मी खूश होते.

मी निकाल टाइप करून आणला. तो तुम्हीच भिंतीवर लावलात, माझी सही दिसेल असा. येईल त्याला सांगत होतात, "बघा, गोऱ्याला जमलं न्हाय ते हिनं केलं." माझं इतकं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. पुढच्या रविवारी तुम्ही जुनीला तेल लावून कपाटात ठेवलंत. मला वाटलं, तुम्ही हरल्याचं मान्य केलंत. वकीलसाहेबांनी विचारलं, आज मारणार नाही का, तर म्हणालात, "माझा हात गेला साहेब. जुनीनं सांगितलं."

तेव्हाही मला कळलं नाही. तुमच्याच हिशोबाने नवी हात झाकणारी होती आणि जुनी खरं सांगणारी. म्हणजे माझ्या निकालातून तुम्ही बंदुकीबद्दल काहीच वाचलं नव्हतं. स्वतःबद्दल वाचलं होतं.

चूक मला एका संध्याकाळी माझ्या टेबलावर सापडली. माझा डबा उलटा पडला होता. तळाच्या स्टिकरवर बारीक आकड्यात छर्र्याचं माप होतं, चार पॉइंट पन्नास. पुढच्या रविवारी तुम्ही चहाला घरात गेलात तेव्हा मी तुमचा डबा उलटा केला. चार पॉइंट बावन्न. मिलिमीटरचे दोन शंभरांश. तीस वर्षं वापरून जुनीची नळी जरा सैल झाली होती, तिला जाड छर्रा लागत होता. तो आकडा तुम्ही कधी वाचला नव्हतात, तुमच्या अंगठ्याला तो माहीत होता. आणि दिवसभर शंभरांश मोजणाऱ्या मी तो अंगठा खोटा पाडला होता.

मी कपाट उघडून जुनी काढली आणि तुमच्या डब्यातले पाच छर्रे मारले. एका बटणाखाली बसले. तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही चहा घेऊन आलात, मागे वकीलसाहेब आले, आणखी दोघं आले, आणि भिंतीवर माझ्या सहीचा कागद होता. मी स्वतःला समजावलं की एक कागद म्हणजे पुरावा नाही, पूर्ण सहा करून मग सांगू. कारखान्यात मी अशीच कारणं देते, आणि ती ऐकायला चांगली वाटतात. पुढच्या रविवारी पाऊस म्हणून आले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात.

तिथे मी दहा मिनिटं तुमच्याजवळ एकटी होते. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "नवी कशी चालतीय?"

"चांगली," मी म्हणाले.

"मारत जा. बंद करू नको." मग हसलात. "बोला की इंग्लिश मीडियम. दवाखान्यात बी गप्पच का?"

तो कागद माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. मी म्हणाले, तुम्ही बरे व्हा, मग बोलू. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

गेल्या रविवारी काकूंनी शेड उघडली. वकीलसाहेब आले होते. मी भिंतीवरचा निकाल काढला आणि त्यांच्या हातात पर्समधला कागद दिला. सगळं सांगितलं, डबे उलटे करून दाखवले. काकू दाराशी बाजेवर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या, म्हणून मी हळू बोलत होते. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून कागद बघितला.

"छान. पण हे कुणी मारलं?"

"मी."

"मग यातून तुझा हात कळला. नरसप्पाचा कसा कळणार? आता त्याला बोलावून मारून घेता येतंय का?"

"त्याच सकाळी त्यांनी नवीने सहा कागद मारले होते. सगळे बटणाखाली. हात गेलेल्या माणसाला ते जमलं असतं का?"

"नवी झाकती." ते तुमच्यासारखं डोकं हलवून म्हणाले. "हे मी न्हाय म्हणत, तोच म्हणायचा. त्याच्या शब्दावर जायचं की तुझ्या?"

काका, तुमचा हात वाचवायला मला तुमच्याच विरुद्ध भांडावं लागलं. आणि मी भांडले. आवाज चढवून भांडले. म्हणाले, काका यंत्राबद्दल शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असायचे, ही शंभरावी वेळ. नवी हात झाकते हे त्यांनी दोन वर्षं कधी तपासून बघितलं नाही, आणि माझ्या हातात मोजपट्टी असून मी ती चुकीच्या ठिकाणी लावली. नवी हात झाकत असेल तर तुम्ही मारून दाखवा. तुमचा हात थरथरतो, सगळ्यांना माहीत आहे.

असं मी वकीलसाहेबांना तोंडावर म्हणाले. ते खुर्ची ओढून बसले. "आण इकडं." नवीने पाच छर्रे मारले. पाच छर्रे पाच गावांना गेले. एक बार्शीला, एक अक्कलकोटला. त्यांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला.

"झाकलं न्हाय हिनं काही," ते म्हणाले. "उघडंच पाडलं की." आणि मोठ्याने हसले. मग हसता हसता चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ.

तुमच्याबद्दल लोकांना काय सांगावं ते मला त्या वेळी कळलं. ज्या माणसाला आवाजावरून यंत्र कळायचं, स्वतःच्या अंगठ्याने ज्याला खरं सांगितलं होतं, त्याने एका मुलीचा कागद त्याहून वर ठेवला. मला चूक ठरवणं तुम्हाला किती सोपं होतं. 'ढिला बसतोय' एवढं अजून एकदा, जरा जोरात म्हणालात तरी पुरे होतं. मोठी माणसं मला नेहमी समजावून सांगतात. तुम्ही एकट्यांनी माझं ऐकून घेतलंत, आणि ऐकलेलं खरं मानून स्वतःत बदल केलात. मी चुकीची होते तरी ती गोष्ट लहान होत नाही. मला तर ती त्यामुळे जास्तच मोठी दिसते.

मी सामान आवरत होते तेव्हा काकूंनी दारातूनच विचारलं, "म्हंजे त्यांचा हात चांगला होता?"

मला वाटलं होतं, त्यांचं लक्ष मिरच्यांत आहे.

"हो काकू."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी हातातली मिरची बाजेवर ठेवली. मग म्हणाल्या, "महिनाभर चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. मी म्हणायची, अहो सांडत न्हाय की, कशाला असं म्हाताऱ्यावानी? तर म्हणायचे, सांडायच्या आधीच धरलेला बरा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कळलं होतं तेव्हा येऊन एक शब्द बोलली असतीस, तर एका हातानं प्याले असते."

मला खाली बघायची सवय आहे. मी खाली बघितलं नाही. हो म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी बाजेवर जाऊन बसले.